चिमट्यातला वाक

नोव्हेंबर लागला की मिशिगनच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या बंद होतात आणि आमचं शॉप भरायला लागतं. सिल्व्हर लेकला गाड्यांसाठी राखलेला वाळूचा भाग १ एप्रिलला उघडतो, ३१ ऑक्टोबरला बंद होतो. उन्हाळाभर तिथे धावलेल्या क्वाड, म्हणजे वाळूत पळवायच्या चार चाकांच्या उघड्या गाड्या, मग एकेक करून आमच्याकडे येतात. गाडीबरोबर मालक येतो आणि मालकाबरोबर त्याचं तयार निदान. बहुतेकांचं एकच: ‘स्विंगआर्म वाकतोय. वरून ब्रेस मारून द्या.’

शॉप मस्कीगन गावाबाहेर एका जुन्या गोदामात आहे. चालवणारा वेल्डर सत्तरीचा. मी त्याला मनातल्या मनात मिस्त्री म्हणत आलो, इथेही तेच म्हणतो. सोमवार ते शुक्रवार मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत संगणकावर लाल-पिवळी ताणचित्रं काढतो आणि शनिवारी मिस्त्रीकडे येतो. तिथे जे मिळतं त्याला पगार म्हणता येणार नाही, पण घरी सांगायला ‘पार्टटाइम काम’ एवढं पुरतं.

माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभे असायचे. ओतकामाच्या गावात वाढलेल्या माणसाला मस्कीगन फार परकं वाटत नाही. हेही ओतकामाचंच गाव. कॉन्टिनेंटल मोटर्सचा कारखाना इथेच होता. फौंड्रीच्या साच्यांना लागणारी वाळू तळ्याकाठच्या टेकड्यांमधून यायची. पिजन हिल नावाची मोठी टेकडी तर साच्यांसाठी उपसून उपसून भुईसपाट केली. तिथून तासाभराच्या अंतरावर त्याच जातीच्या वाळूवर पोरं आज क्वाड पळवतात. मला हे बरं वाटतं. का, ते सांगता येणार नाही.

कोल्हापुरात गॅरेजवाले स्विंगआर्मला चिमटा म्हणतात. मीही यापुढे चिमटाच म्हणेन. मागचं चाक धरणारी, फ्रेमला एका बोल्टवर लटकलेली आणि वरखाली हलणारी ती बाही. मोटरसायकलला तिचे दोन पाय असतात आणि मध्ये चाक. क्वाडला उलट: चिमटा मध्ये, त्याच्या टोकाला बेअरिंगचं घर, त्यातून आरपार गेलेला सलग एक्सल आणि चाकं त्याच्या दोन्ही टोकांना. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आमच्याकडे येणाऱ्या क्वाडमध्ये सगळ्यात जास्त बॅन्शी. यामाहाने १९८७ मध्ये आणलेली वायएफझेड ३५०. अमेरिकेत ती २००६ पर्यंत विकली गेली. इंजिन दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, ३४७ सीसी, बोअर ६४ आणि स्ट्रोक ५४ मिलिमीटर. कोल्हापुरात ज्यांनी राजदूत ३५० चालवली किंवा नुसती पोटभर ऐकली, त्यांना हे आकडे तोंडपाठ असतील. एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये आणलेली ती गाडी यामाहाच्या आरडी ३५०वरून घेतली होती आणि तिचाही बोअर-स्ट्रोक हाच. ती वाऱ्यावर थंड होणारी, बॅन्शी पाण्यावर थंड होणारी, पुढच्या पिढीची. शॉपमध्ये पहिल्यांदा बॅन्शी सुरू झाली तेव्हा मी हातातला पाना ठेवून उभा राहिलो होतो. मिस्त्रीला वाटलं, मला आवाजाचा त्रास होतोय. त्याने कानात घालायचे बोळे आणून दिले.

वाळूवरची शर्यत बहुतेक ठिकाणी ३०० फुटांची. म्हणजे शंभर मीटरसुद्धा नाही. डांबरी पट्टीवरची जुनी शर्यत पाव मैलाची, ४०२ मीटर. दोन्हीकडे पहिले साठ फूटच खरे. तिथे जो पुढे सरकला त्याला गाठणं अवघड. आणि तिथेच गाडी पुढचं चाक उचलते. चाक उचललं की थ्रॉटल सोडावा लागतो, आणि थ्रॉटल सोडला की शर्यत गेली. गुरुत्वमध्य जमिनीपासून जितका उंच आणि मागच्या चाकाला जितका जवळ, तितक्या लवकर गाडी उठते. उपाय दोन: गाडी खाली बसवायची आणि मागचं चाक मागे न्यायचं. पुढचे शॉक पट्ट्याने ओढून बांधतात, मागचा शॉक काढून त्याजागी सरळ दांडी टाकतात आणि चिमटा लांब करतात. चार इंच, सहा इंच, कोणी दहा.

इथून आमचं काम सुरू होतं, कारण लांबी फुकट मिळत नाही. एका टोकाला धरलेल्या दांडीच्या दुसऱ्या टोकावर वजन टाकलं तर तिचा वाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २२ इंचांचा चिमटा तोच पाइप वापरून २८ इंचांचा केला, तर लांबी पाव पटीने वाढते आणि वाक दुपटीच्या वर जातो. पीळ त्या मानाने सभ्य, तो सरळ लांबीच्या प्रमाणात वाढतो. पण गिऱ्हाइकाला लांब चिमटा हवा असतो तो जुन्याच पाइपाचा, जुन्याच वजनाचा आणि जमलं तर जुन्याच किमतीचा.

जोर किती येतो हे एकदा कागदावर मांडलं तर वाकाबद्दलची अर्धी भांडणं मिटतात. मोटरसायकलीपासून सुरुवात करू. पहिल्या पिढीची हायाबुसा घ्या. टॉर्क १३८ न्यूटन-मीटर. प्रायमरीची घट १.५९६, पहिल्या गिअरची २.६१५. गुणाकार केला की पुढच्या स्प्रॉकेटच्या शाफ्टवर ५७५च्या आसपास येतात. ते स्प्रॉकेट १७ दात्यांचं, त्याची त्रिज्या जेमतेम ४३ मिलिमीटर. म्हणजे चेनमध्ये ओढ आली तेरा हजार न्यूटनच्या वर, जवळजवळ साडेतेराशे किलो. टर्बो नाही, नायट्रस नाही, कंपनीतून आली तशी गाडी. आणि ही ओढ गाडीच्या मध्यरेषेवर नाही, एका बाजूला आहे, सुमारे दहा सेंटिमीटर सरकून. एक्सलचं चेनकडचं टोक पुढे ओढलं जातं, दुसरं तिथेच राहू पाहतं. चाक किंचित तिरकं होतं. रायडरला वाटतं गाडी स्वतःच्या मनाने बाजूला चालली. चेन स्प्रॉकेटवर सरळ उतरत नाही, दाते एका अंगाने झिजतात आणि एखाद्या दिवशी चेन उडते. साडेतेराशे किलोची ओढ असताना चेन उडणं म्हणजे काय, हे ज्याने पाहिलं आहे तो चेनगार्डची चेष्टा करत नाही.

क्वाडचं दुखणं वेगळं. तिथे दोन्ही चाकं मध्यापासून हातभर दूर, एकाच सलग एक्सलवर. वाळूचे टायर फळ्यांचे, नावेच्या वल्ह्यांसारखे. एका चाकाखाली वाळू दाबलेली आणि दुसऱ्याखाली भुसभुशीत असली, की सगळा जोर एका बाजूने येतो आणि हातभर लांबीच्या तरफेने चिमट्याला पिळतो, वळवतो. म्हणून मोटरसायकलचा चिमटा मी आधी आडव्या वाकासाठी बघतो, क्वाडचा पिळासाठी. एकाच ब्रेसने दोन्हींचं भागतं असं समजणारे खूप आहेत.

मिस्त्रीची पद्धत ही की गाडी आल्यावर पहिला दिवस वेल्डिंग मशिनला हात लावायचा नाही. मी शिकलेला इंजिनिअर, पण ही शिस्त मला त्याच्याकडून मिळाली. आधी गाडी उचलायची. मागचं चाक दोन्ही हातांनी धरून ढकलायचं-ओढायचं. कुठे ‘टक’ होतंय ते हाताला कळतं. मग कोपऱ्यातल्या जाड बीमवर चिमटा बांधायचा, जसा फ्रेमवर असतो तसा. एक्सलच्या जागी भरीव गज, गजाला मीटरभर लांब पाइप आणि पाइपाच्या टोकाला व्यायामशाळेतल्या लोखंडी थाळ्या. दोन डायल गेज: एक एक्सलजवळ, एक पिव्हटच्या नळीवर. दुसऱ्या डायलचं महत्त्व सुरुवातीला माझ्या ध्यानात आलं नव्हतं. एक्सलजवळचा काटा जितका फिरतो तितका सगळा वाक चिमट्याचा नसतो. त्यात पिव्हट हलल्याचाही वाटा असतो. तो वजा केल्याशिवाय चिमट्यावर आरोप ठेवता येत नाही.

आणि खरं सांगायचं तर वजाबाकी केल्यावर बरेचदा चिमटा निर्दोष सुटतो.

गेल्या हिवाळ्यातली एक बॅन्शी सांगतो. लांब चिमटा, अल्कोहोलवर चालणारं इंजिन, मालक तिशीतला, सुतारकाम करणारा. तक्रार अशी की निघाली की शंभर फुटांत डावीकडे जाते. त्याने मोबाइलवर चित्रण दाखवलं. कॅमेरा सीटखाली बांधून मागच्या स्प्रॉकेटकडे रोखलेला. गाडी निघते, चेन ताणली जाते आणि स्प्रॉकेट स्पष्ट, डोळ्यांना दिसेल इतकं तिरकं होतं. ‘बघा,’ तो म्हणाला, ‘आर्म वाकतोय.’ चित्र बघितल्यावर कोणीही तेच म्हणेल.

मिस्त्रीने पांढऱ्या पेंटच्या पेनाने चार ठिकाणी रेघा मारल्या. एक बेअरिंगचं घर आणि चिमटा यांच्या जोडावर, दोन ॲडजस्टरवर, एक पिव्हटच्या बोल्टवर. प्रत्येक रेघ जोडावरून आडवी, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. मग गाडी भिंतीतल्या कड्याला साखळीने बांधली, पहिला गिअर, क्लच सोडून दोन-तीन दणके दिले. बेअरिंगच्या घरावरची रेघ तुटली होती. वरचं अर्धं आणि खालचं अर्धं एकमेकांपासून चांगले दोन-तीन मिलिमीटर सरकलेले. बोल्ट वरवर घट्ट होते, पण ताणून लांबलेले, आणि घर ज्या भोकात बसतं ते भोक गोल राहिलेलं नव्हतं. आतल्या दोन बेअरिंगांपैकी एक खडखडत होतं. चिमटा बीमवर बांधून वजन टाकलं तेव्हा काटा जेवढा हलला तो कॅमेऱ्याला दिसणं शक्यच नव्हतं.

एवढ्यावर तो मालक पटला असेल असं कोणी समजू नये. पण त्याच्याकडे पुन्हा येऊ.

पिव्हटचा बुश ही अशीच दुर्लक्षित जागा. चिमट्याच्या नळीत नीडल बेअरिंग, त्यात पोलादी बाही, बाहीतून बोल्ट. बोल्ट आवळला की फ्रेमचे दोन कान या बाहीवर दाबले जायला हवेत, चिमट्याच्या नळीवर नव्हे. म्हणजे बाही नळीपेक्षा जराशी लांब हवी, शिमच्या एका पातळ पत्र्याएवढी. आखूड राहिली तर चिमटा जाम होतो, जास्त लांब असली तर डावी-उजवीकडे खेळतो. आणि बाहीचं तोंड लेथवर काटकोनात नसेल तर बोल्ट कितीही आवळा, कान पूर्ण टेकतच नाही. उद्यमनगरात वडिलांचं एक वाक्य होतं, ‘फेसिंग नीट कर, बाकी देव बघेल.’ मिशिगनमध्येही देवाकडे तेवढंच काम उरतं.

आता जिथे खरोखर चिमटा वाकतो त्या गोष्टी. इथे माझी मतं जरा तिखट आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे बोल्टने लावायची जोडपट्टी. बाजारात अशा पट्ट्या मिळतात. मूळ चिमट्याच्या एक्सलच्या खाचेत त्या बसवायच्या, दोन-तीन बोल्ट आवळायचे आणि चाक सहा इंच मागे. गल्लीत मिरवायला ठीक. शर्यतीला नाही. प्रत्येक बोल्टच्या भोकात थोडी मोकळीक असते, आणि ती मोकळीक सहा इंचांच्या टोकाला मोठी होऊन दिसते. अशी गाडी आली की मिस्त्री मोजणीसुद्धा करत नाही. पट्ट्या काढून मालकाच्या हातात देतो.

दुसरी गोष्ट क्रोमोलीची. या धंद्यात ४१३० पोलादाच्या नळीला देवाघरचा दर्जा आहे. ‘क्रोमोलीचा केला की वाकणार नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता वाद घालत नाही, वही काढतो. वाकण्याला विरोध करणारा गुण, स्थितिस्थापकतेचा गुणांक, साध्या पोलादाचा आणि क्रोमोलीचा जवळपास सारखाच, २०५ गिगापास्कलच्या आसपास. क्रोमोली जास्त ताण सोसते, उशिरा तुटते, उशिरा कायमची वाकते. पण तुटेपर्यंतच्या प्रवासात, तेवढ्याच वजनाखाली, तेवढ्याच मापाची नळी तेवढीच लवते. आणि गंमत पुढे आहे. मजबूत आहे म्हणून लोक क्रोमोलीची भिंत पातळ घेतात, वजन वाचवतात. म्हणजे साध्या पोलादाच्या जाड नळीपेक्षा क्रोमोलीचा महागडा चिमटा जास्त वाकणारा निघतो. एकाने तोच अनुभव घेतला होता. तो आमच्याकडे आला तेव्हा नळीच्या बिलाची झेरॉक्स घेऊन आला होता, पुरावा म्हणून.

ॲल्युमिनियमबद्दल उलटा गैरसमज. त्याचा गुणांक पोलादाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, घनताही साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी. म्हणजे त्याच मापात केलं तर तिप्पट लवणार. पण वजन वाचलेलं असतं, ते वापरून पेटी मोठी करता येते. ताठरपणा धातूत कमी आणि आकारात जास्त असतो. मोठी, बंद, पातळ भिंतीची पेटी हाच सगळा खेळ. जपानी गाड्यांचे चिमटे ऐंशीच्या दशकापासून पोलादी नळीवरून ॲल्युमिनियमच्या भल्यामोठ्या पेट्यांवर गेले ते यासाठी.

आणि ‘बंद’ हा शब्द मी सहज लिहिलेला नाही. ८० बाय ४० मिलिमीटरची, ३ मिलिमीटर जाडीची चौकोनी नळी घ्या. तिला पिळून बघा, पिळली जात नाही. आता तिला एका बाजूने लांबभर चीर पाडा. धातू तेवढाच आहे, वजन तेवढंच आहे. पण पिळाविरुद्धचा ताठरपणा दोनशेव्या भागावर येतो. हा आकडा मी पुस्तकात वाचला होता, परीक्षेत लिहिला होता आणि तरी हाताने पिळून बघेपर्यंत माझा त्यावर विश्वास बसला नव्हता. मिस्त्रीने भंगारातली नळी कापून दिली. चीर पाडलेली नळी मी दोन हातांनी पिळली, टॉवेल पिळतात तशी.

हे ज्या गाडीमुळे झालं ती एक हायाबुसा होती. मूळ टायर १९० रुंदीचा, मालकाने २४० बसवला. टायर चिमट्याच्या आतल्या भिंतीला घासायला लागला. आधीच्या एका शॉपने सोपा मार्ग काढला: आतली भिंत कापली, खिडकी पाडली आणि कडा घासून गुळगुळीत केल्या. काम दिसायला सुरेख. चिमट्याचा तेवढा भाग आता पेटी राहिला नव्हता, पन्हळ झाला होता. गाडी डगमगू लागल्यावर त्याच शॉपने वरून एक गोल नळीची कमान मारून दिली. कमान वरखालच्या वाकाला आडवी येते, पण पॉवर लावल्यावर तिथे वरखालचा वाक हे दुखणंच नव्हतं. पिळाला ती कमान जवळपास कामाची नाही. बीमवर बांधून कमानीसकट आणि कमान कापून, दोन्ही वेळा मोजलं. काट्यात नाव घेण्याएवढा फरक नव्हता.

आम्ही काय केलं? खिडकीत आत ढकललेला पत्रा बसवला, टायरला जागा सोडून खोलगट, आणि चारी बाजूंनी सलग शिवून पेटी पुन्हा बंद केली. दोन पायांना जोडणारी आडवी पेटी चाकाच्या जितकी जवळ नेता येईल तितकी नेली. कमान परत लावली नाही. काम सगळं आर्गन वेल्डिंगने, चिमटा जिगमध्ये आवळून. आधी टाके, मग एक इंच डावीकडे, एक इंच उजवीकडे, मध्ये थांबून हात लावता येईल इतकं निवू द्यायचं. घाई केली की पाय फाकतात आणि पिव्हटची नळी अंडाकृती होते. तरी ती थोडी होतेच, म्हणून नळीत रीमर शेवटी फिरवायचा, आधी नाही. ६०६१ ॲल्युमिनियम वेल्डच्या शेजारी मऊ पडतं, त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते. ताठरपणाला धक्का लागत नाही, पण तडा जायचा तर तिथेच जातो. म्हणून शिवण कधी पायाच्या वरच्या किंवा खालच्या ओढ बसणाऱ्या कडेवर आडवी घ्यायची नाही. ती बाजूच्या मधल्या भागात, शांत जागी.

त्याच गाडीत एक धोका लपला होता. ड्रॅगच्या मोटरसायकलींना गिअर टाकायला दाबलेल्या हवेचा छोटा सिलिंडर असतो, आणि पुष्कळ लांब चिमट्यांत ती हवा साठवायची टाकी आडव्या पेटीतच केलेली असते. बाहेरून काही कळत नाही. एखादी बारीक पितळी निपल तेवढी दिसते. मी ग्राइंडर घेऊन वाकलो तर मिस्त्रीने मागून कॉलर धरली. आधी निपल काढली, फुस्स झालं, मग म्हणाला, ‘आता कर.’ दाब असलेल्या किंवा तेलाची वाफ कोंडलेल्या पेटीवर आर्क लावला तर पुढचं वर्णन दुसऱ्या कोणाला तरी लिहावं लागलं असतं.

तडे हा आणखी एक धडा, आणि तो बाकीच्यांच्या गाड्यांवरच मी शिकत आलोय. चिमटा मधोमध ताठ केला की वाक नाहीसा होत नाही, पळून जातो. जिथे ब्रेस संपतो तिथे ताठ आणि मऊ यांची सीमा तयार होते आणि सगळा ताण त्या रेघेवर येऊन बसतो. त्रिकोणी पत्र्याचं टोक सरळ कापून नळीवर आडवं वेल्ड केलेलं असेल, तर तडा त्या टोकापासून निघणार हे मिस्त्री बोटाने दाखवून सांगतो. तिथे भिंगाने पाहिलं की केसाएवढी रेघ असते. म्हणून आम्ही ब्रेसचं टोक माशाच्या शेपटीसारखं कापतो, दोन शेंड्यांत, म्हणजे ताठरपणा हळूहळू उतरतो. आणि चिमटा पुरेसा ताठ झाला की पाळी फ्रेमची. पिव्हटचे कान फाकतात. ते बांधले की इंजिनचे माउंट बोलायला लागतात. कुठेतरी थांबावं लागतं. कुठे, ते डायल सांगतो आणि बाकीचं गिऱ्हाइकाचा खिसा.

मोटोजीपी बघणारे माझे भाऊ कोल्हापुरातून फोनवर विचारतात, की रेसिंगमध्ये तर चिमटा मुद्दाम लवचीक करतात ना? करतात, वळणासाठी. साठ अंशांत झुकलेल्या गाडीला खड्डा लागला तर तो सस्पेन्शनच्या रेषेत येत नाही, आडवा येतो. तिथे चिमट्याने आणि फ्रेमनेच थोडं बाजूला लवून तो पचवायचा असतो. डुकाटीने २०२५च्या पॅनिगाले व्ही४ला वर्षानुवर्षांचा एकबाजूचा चिमटा सोडून दुबाजूचा दिला आणि आडवा ताठरपणा जाणूनबुजून कमी केला. आमची गाडी झुकतच नाही. ती सरळ निघते आणि सरळच पोचावी एवढीच अपेक्षा. मागे शॉकसुद्धा नाही. लवचीकपणा हवा तो टायरच्या भिंतीत, आणि तो किती हवा हे हवेच्या दाबाने ठरवता येतं. लोखंडातला वाक कोणाला ठरवता येत नाही, तो फक्त असतो.

तर ती बॅन्शी. बेअरिंगचं घर नवं, भोक बोअर करून गोल केलं, बोल्ट एक माप जाड, बेअरिंग दोन्ही बदलली. बिल त्याने मनात धरलं होतं त्याच्या चौथाई. तो बिलाकडे बघत राहिला. मग विचारलं, ‘आणि ब्रेस?’

मी वही काढली. रेघांचे फोटो दाखवले, आधीचे आणि नंतरचे. काट्याचं गणित सांगितलं. तो सगळं ऐकून घेत होता, मान डोलवत होता. शेवटी म्हणाला, ‘ते सगळं खरं आहे. पण तिथे सगळ्यांच्या गाड्यांना ब्रेस असतो. माझ्याला नसेल तर लोक समजतील की गाडीत दम नाही.’

मी तोंड उघडणार तेवढ्यात मिस्त्रीने त्याला रंगांचा तक्ता दिला. त्याने नारिंगी निवडला. सिल्व्हर लेकला गाडीवर उंच काठीला झेंडा लावावाच लागतो, त्याचा झेंडा नारिंगी होता, त्याला जुळणारा. मिस्त्रीने कपाटामागून एक इंची पातळ नळीचा तुकडा शोधला, कमान वाकवली, टोकं शेपटीसारखी कापली आणि जिथे काहीच ताण नाही अशा जागी दोन हलके टाके देऊन बसवली. ती कमान काही धरत नाही आणि काही बिघडवतही नाही. पावडर कोटिंगचे पैसे मात्र त्याने पुरेपूर लावले.

मार्चमध्ये त्याच माणसाचा मित्र आला. त्याला तसाच ब्रेस हवा होता. गाडीत काय होतंय असं मी विचारलं तर म्हणाला, काही नाही, पण त्याची आता सरळ जाते. मिस्त्रीने पांढरा पेन माझ्या हातात दिला आणि गाडी स्टँडवर घ्यायला सांगितलं.